बक्षीस कशाचं?

सोमेश्वर,

तुझी बहीण अंजू आलीय, तिच्यासंगं गेवराईला वकिलाकडं चाललेय. भाकरी टोपल्यात हाय, शेळ्यांना पाणी तूच पाज.

पीकविम्याचा म्हणून तू सहीला दिलेला कागद अंजूनं वाचला. बक्षीसपत्र हाय ते. मी सही केली की रान लगेच तुझं, माझं काईच न्हाई.

बक्षीस जत्रंत कुस्ती मारणाऱ्याला देत्यात. तू कोणती कुस्ती मारलीस रे?

मी मृत्युपत्र करून येते. रान तुमा दोघांना सारखं, पण माझ्या माघारी. तवर सातबाऱ्यावर नाव माझंच.

येताना आंब्याचं रोप आणते. बांधावर खड्डा खणून ठेव. त्याचे आंबे खाल्ल्याबिगर मी काय जात न्हाई.

आई