खडूची खूण

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत दोन कागद होते. एकावर तुझी मापं आणि खाली तुझा प्रश्न, की पहिल्यांदाच एवढी लांब सायकल मारायची आहे, दिवसभर सीटवर बसायचंय, तर काय घालू? दुसरा कागद वकिलांनी तयार केलेला माझा जबाब, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी सही करून लगेच पाठव, असं तू वर लाल पेनाने लिहिलंस. मापं मी टाचणीने भिंतीवर लावली. जबाब मशीनच्या खणात ठेवलाय आणि सही अजून केलेली नाही. त्याबद्दल लिहिणारच आहे, पण आधी कपड्यांचं लिहिते, कारण ते मला येतं. बाकीचं येत नाही. फोनवर तू रोज विचारतेस, आई कशी आहेस, आणि मी बरी आहे म्हणते. ते खोटं नाही गं. वाईट वाटायला हवं, ते वाटत नाही, एवढंच. परवा सुई बोटात गेली, तीसुद्धा कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळली. ठिपका गार पाण्याने लगेच धुतला, डाग राहिला नाही.

तर शॉर्ट. दुकानात गेलीस की विक्रेता तुला सगळ्यात जाड पॅडवाली दाखवील. घेऊ नकोस. जाड गादी सोफ्याला चांगली. सायकलवर ती घामाने भिजते, गोळा होते आणि तासाभरात अंगाला घासायला लागते. पॅड पातळ, घट्ट आणि एकसंध हवं, मध्ये शिवण नको. शॉर्ट अंगाला चिकटून बसली पाहिजे, उभं राहिल्यावर जरा आखूड वाटली तरी चालेल, कारण तू तीत उभी राहणार नाहीस, वाकणार आहेस. मांडीवरचं इलॅस्टिक रुंद घे, अरुंद असलं तर संध्याकाळी मांडीवर बांगडी उमटते. आणि आतून काही घालायचं नाही. हो, काही म्हणजे काही नाही. तुझ्या बाबांना हे पटायला दोन वर्षं लागली होती. जुन्या वळणाचा सभ्य माणूस तो, म्हणे असं कसं बरं दिसेल. मी म्हटलं, कोण बघायला येणारे?

तुला ठाऊक नाही, ते पहिल्यांदा लांब गेले तेव्हा जीन्स घालून गेले होते. तू दीड वर्षाची होतीस. परत आले ते बदकासारखे चालत, आणि दोन दिवस उभ्यानेच जेवले. शेजारीण विचारून गेली, भांडण झालंय का, बसत का नाहीत ते. मग मी जुन्या सोफ्याचा स्पंज कापून त्यांना पहिली शॉर्ट शिवली. पाऊस लागला आणि त्या स्पंजाने बालदीभर पाणी पिऊन घेतलं. घरी आले तेव्हा चालताना पचक पचक आवाज येत होता. मी मशीनवर डोकं ठेवून हसले होते. ते कमरेवर हात ठेवून उभे, खाली डबकं, आणि चेहरा असा की जसं काही मीच ढग आणले होते.

त्यानंतर आमची पद्धत पडली, ती तू लहानपणापासून बघत आलीस. नवा कपडा शिवला की सायकल स्टँडवर चढवायची, माझ्या खोलीतच, खिडकीपाशी. बाबा तो कपडा घालून तासभर त्यावर बसणार, पाय मारणार, पेपर वाचणार. हातात शिंप्याचा खडू. जिथे टोचेल, घासेल, रुतेल, तिथे बोलायचं नाही, नुसती खूण करायची. मी इकडे गिऱ्हाइकांचे कपडे शिवत असायचे. कोणी बोललं की माझी टीप वाकडी जाते, म्हणून तो नियम. तास संपला की कपडा काढून माझ्या टेबलावर, आणि जिथे खूण तिथे मी उसवायचं, वाद नाही. बावीस वर्षं. एवढा नाजूक माणूस मी गिऱ्हाइकांतही पाहिला नाही. दोऱ्याची एक गाठ आतल्या बाजूला राहिली तरी खूण यायची. मी त्यांना नवाबसाहेब म्हणायचे, ते मला सरकार म्हणायचे. खुणांवरून आमचं कधी भांडण झालं नाही.

आता मी त्यांच्यासाठी लांब पँट शिवते. त्या ब्रेडच्या गाडीने त्यांना मागून उडवलं त्याला नऊ महिने झाले, कमरेखाली त्यांना काही जाणवत नाही हे तुला सांगायला नको. पण हे तुला सांगितलं नव्हतं, की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा कपडा आणि सायकलवाल्याचा कपडा एकच असतो. बुडाखाली शिवण नको. मागे खिसा नको. कंबर मागून उंच, पुढून खाली. मी शॉर्टचाच कागदी नमुना काढला आणि पाय लांब केले. फरक इतकाच की आता खूण करायला कोणी नाही. टोचलं तरी त्यांना कळत नाही. म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना कुशीवर वळवते आणि चष्मा लावून बघते, कुठे लाल झालंय का. झालं असलं तर ती शिवण उसवते. पहिल्या महिन्यात नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या हाताला सवय दिसते. मी म्हटलं, हो, आहे.

जर्सीचं राहिलं. घाम लवकर सुकणारं कापड घे, सुती नको, सुती ओलं राहतं आणि उतारावर पाठ गारठते. बगलेत शिवण नसलेली मिळाली तर उत्तम. गळ्याची चेन वरपर्यंत जाते तिथे चेनला कापडाची टोपी आहे ना, बघून घे, नाहीतर हनुवटीखालची कातडी सोलते. मागे तीन खिसे, पण खच्चून भरू नकोस. बाबा त्यांत घर कोंबायचे. आणि रेनकोट सीटखाली बांधायचा नाही. त्या दिवशी त्यांनी बांधला होता, मागचा दिवा त्याखाली झाकला गेला, ते पोलिसांच्या फोटोत दिसतंच. म्हणून आता सगळं जर्सीच्या पाठीवरच्या त्या चमकत्या पट्टीवर येऊन थांबलंय, हे मला समजतं. गाडीवाला म्हणतो, समोर काहीच चमकलं नाही. तुझे वकील म्हणतात, दोन बोटं रुंद पट्टी होती, दिव्याच्या उजेडात लांबून दिसते, म्हणजे याचं लक्ष नव्हतं किंवा हा झोपला होता. पट्टी होती हे ठरलं तर तो तुरुंगात जाईल. आणि जर्सी तर दवाखान्यात कात्रीने कापून टाकून दिली. उरला माझा शब्द.

तो गाडीवाला एकदा घरी आला होता. तुला सांगितलं नाही, तू चिडली असतीस. माझ्याच वयाचा, केस पांढरे, चप्पल दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवली. बसा म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, ताई, मी सत्तावीस वर्षं पहाटेचीच गाडी चालवतोय, मला मांजरसुद्धा दिसतं, पण देवाशपथ हे दिसलेच नाहीत हो. ते त्याने तीनदा म्हटलं. मी मशीनवर बसले होते, पायाखाली पट्टा फिरत होता, मी शिवत राहिले. मग तो गेला. बाबा आतल्या खोलीत जागे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं, पण मला काही विचारलं नाही. मीही आत गेले नाही, हातातला कुर्ता संपवला.

दवाखान्याच्या त्या लांबट खोलीत, दाराशी, तू मला पहिला प्रश्न विचारलास तो आठवतो का? बाबा कसे आहेत ते तू डॉक्टरांना विचारून आली होतीस. मला तू विचारलंस, आई, पट्टीवाली जर्सी होती ना? आणि मी मान हलवली. शब्द बोलले नाही, नुसती मान. त्या एका मानेवर तू पोलिसांत गेलीस, वकील केलेस, नऊ महिने धावतेयस. तू इतकी धावतेस की मला तुला थांबवायची लाज वाटली. आधी लाज वाटली, मग भीती, आणि मग काहीच वाटेनासं झालं.

भिंगरी, पट्टी नव्हती. आदल्या दिवशी दुपारी बाबांनी नवी जर्सी घालून तासभर पाय मारले आणि पट्टीवर खडूची खूण करून ती टेबलावर ठेवली. ती पट्टी जरा ताठच होती. मी खूण बघितली आणि छोट्या कात्रीने पट्टी उसवली. खूण एका टोकाला होती, पण अर्धी पट्टी ठेवून काय करायचं, ध्यान दिसलं असतं, म्हणून अख्खी काढली. पुढच्या आठवड्यात मऊ पट्टी आणून लावू, सकाळी सांगू, असं मनाशी ठरवलं आणि जर्सी खुंटीवर लावली, नेहमीसारखी, पुढची बाजू वर. पहाटे ते माझी झोपमोड नको म्हणून दिवा न लावताच अंगात घालून गेले. त्यांनी पाठ बघितलीच नाही. तो गाडीवाला खरं बोलतोय.

रविवारी मी बाबांना कुशीवर वळवलं होतं, पाठ माझ्याकडे होती, तेव्हा सांगितलं. तोंडासमोर सांगवलं नसतं. ते म्हणाले, अगं, फक्त कोपरा टोचत होता. एवढंच. मी चादर ओढली, त्यांना सरळ केलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, पोरीला लिही, फोनवर सांगू नकोस, ती मध्येच बोलेल आणि तू थांबशील. आणि त्या माणसाला मोकळं करा, सरकार. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला सरकार म्हटलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पण सुई टोचल्याचं आता कळतं, कालपासून.

म्हणून हे पत्र. जबाब सही न करता परत पाठवतेय. त्याच्या पाठीवर मी माझ्या हाताने खरं काय झालं ते लिहिलंय आणि खाली सही केलीय, तो कागद वकिलांना दे. उसवलेलं काही मी टाकत नाही हे तुला ठाऊक आहे. ती पट्टी बटणांच्या डब्यात होती, सोबत घातलीय. दोन्ही काठांना टाक्यांची भोकं आहेत आणि एका कोपऱ्यावर खडू अजून पुसट दिसतो. तू माझ्यावर किती चिडशील ते मी सांगू शकत नाही, आणि चिडू नकोस असंही म्हणत नाही. खालच्या पुडक्यात तुझी जर्सी आहे. तुझ्या मापाने शिवली, बगलेत शिवण नाही, पाठीवर आडवी चमकती पट्टी आहे, तीन बोटं रुंद. निघायच्या आधी सायकल स्टँडवर चढवून तासभर पाय मारून बघ. कुठे टोचलं तर खडूने खूण करून पाठव. या वेळी मी आधी विचारीन, नेमकं कुठे.

तुझी, आणि अजून तुझीच असले तर,
आई