पहिलं घावन तव्याचं

आई, काल मी घावनं केली. चांगली तीस. तुझी सून स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती, पण मी तिला तव्याला हात लावू दिला नाही. तवा तुझाच, तो बिडाचा काळाकुट्ट. मी दोनदा तो भंगारात काढायला निघालो होतो आणि दोन्ही वेळा तिनं तो पिशवीतून काढून परत ओट्याखाली सारला. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही असं नाही, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, आणि ते सांगायला दुसरं कुणी सुचत नाही.

मी रिटायर झालो. हेड क्लार्क म्हणूनच झालो. पंचवीसेक वर्षं मस्टर माझ्या टेबलावर होतं, त्यातली पहिली तू बघितलीस. सव्वादहाला लाल शाई, तीन लेटमार्क झाले की एक सीएल कापली. साहेबांच्या भाच्यालाही सोडलं नाही मी. लोक मला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते तुला सांगवत नाही. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, भांग पाडून, सोफ्यावर बसलो. पुढे काय करायचं असतं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिला महिना मी घरच्यांची हजेरी घेतली. तुझ्या सुनेचं भजनी मंडळ, तिच्या मैत्रिणी, तिची लायब्ररी. ती गेली कधी, आली कधी, सगळं घड्याळ बघून. एक दिवस भांडीवाल्या ताईंना मी म्हणालो, "आज वीस मिनिटं उशीर." त्यानंतर भांडी जरा जोरात वाजली. त्याच संध्याकाळी तुझ्या सुनेनं माझे बूट पुसून दारात ठेवले. म्हणाली, "उद्यापासून सकाळी बागेत जायचं. तिथं तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. मला हे घर राहायला पाहिजे, तुमचं ऑफिस नको."

आम्ही आता मिरा रोडला, बेव्हर्ली पार्कला राहतो. तू होतीस तेव्हाची भाईंदर पूर्वेची ती दीड खोली कधीच विकली. इथल्या बागेत सकाळी साडेसहाला म्हाताऱ्यांचा हास्य क्लब भरतो. पंधरावीस जण. म्होरके एक गुजराती गृहस्थ, पूर्वी कापडाचं दुकान होतं, सगळे त्यांना मोटाभाई म्हणतात. मला बघून त्यांनी बाकावरची पिशवी उचलली. "आवो साहेब, बेसो. हसना आता है ना?" मी खरं तेच सांगितलं, "प्रॅक्टिस नाही." त्यावर सगळे इतके हसले की व्यायाम तिथंच झाला.

इथपर्यंत ठीक होतं. पण आई, स्वभावाला औषध नाही. मी आठवडाभर बघितलं. कुणी साडेसहाला येतोय, कुणी सातला, कुणी हात वर करून हसण्याच्या ऐन मध्यात चहा घेऊन येतोय. मला ते बघवेना. मी घरी बसून पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. नावं, तारखा, शेरा. सोमवारी तो बाकावर ठेवला, पेन ठेवलं, आणि ज्या सातनंतर आल्या त्या बाईंच्या नावापुढे मी लाल शाईनं खूण केली. त्या बाई परभणीकडच्या, जन्मभर नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. मग मला म्हणाल्या, "सर, पस्तीस वर्षं मस्टरवर सह्या करून आलो आम्ही. आता हसायला बी सही लागती का?"

कुणी हसलं नाही. हास्य क्लबात कुणी हसलं नाही, आई. मोटाभाई बुटाची नाडी बांधत राहिले. मी तक्ता तिथंच टाकून घरी आलो आणि तुझ्या सुनेला सांगितलं की गुडघा दुखतो.

आठ दिवस तो गुडघा दुखला. मी खिडकीत बसून सोसायटीच्या गेटातून कोण आत येतं, कोण बाहेर जातं ते बघायचो. मला कळत होतं की हे असंच पुढची पंधरा वर्षं चालू शकतं, देवानं दिली तर वीस. खरंच घाबरलो होतो मी. ऑफिसात लोक मला टाळत तेव्हा मला त्यात मान वाटायचा. आता टाळायलाही कुणी नव्हतं. आठव्या दिवशी दुपारी चहाचं आधण ठेवायला भांडं शोधत होतो, तर ओट्याखाली हाताला तो तवा लागला.

आणि मग तो महिना आठवला. तुझी सून बाळंतपणाला माहेरी, तू मोरीत घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि घरात स्वयंपाकाला एकटा मी. तू ओट्याशेजारी पाटावर बसली आहेस आणि मला हुकूम सोडते आहेस. पीठ पातळ कर. अजून पातळ. दर वेळी तळापासून ढवळ, पीठ खाली बसतं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरव. मी वाटीनं पीठ ओततो, चर्र होतं, आणि पहिलं घावन असं चिकटतं की उलथन्यानं खरवडून काढावं लागतं. मी चिडून उलथनं आपटतो. तू गळ्यात हात अडकवलेली, पण हसते आहेस. "आरं बाबू, पयलं घावन तव्याचं. दुसऱ्यापासनं मानसांचं. पयलं मोडलं म्हनून कोन चूल इजवतं काय?" दुसरं सुटलं. जाळीदार, कडा आपणहून वर आलेलं. मी ते ताटात तुला दाखवायला आणलं, आणि तू ते खाल्लं नाहीस, माझ्याकडेच सरकवलंस.

तर काल पहाटे साडेचारला उठलो. पहिलं चिकटलं, अगदी तसंच. दारातून तुझी सून काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "ते तव्याचं." ती गप्प झाली. तुझी सून गप्प झाली, ही नोंद करून ठेव.

ओल्या खोबऱ्याची चटणी केली, डबा फडक्यात गुंडाळला, आणि बागेत पोचलो तर सात वाजून दहा मिनिटं. मी, उशिरा. सगळे हात वर करून उभे होते. सिस्टरनी मला पाहिलं, हात खाली घेतले, आणि पिशवीतून घडी केलेला कागद काढला. माझाच तक्ता. माझ्या नावापुढे आठ चौकोनांत आठ लाल फुल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'विनापरवानगी गैरहजर.' सिस्टरच्या नावापुढची माझी ती खूण सोडली तर बाकी एकाच्याही नावापुढे काही नाही. रोज सकाळी माझी एकट्याची हजेरी घेतली होती त्यांनी.

"आणि आज लेटमार्क," सिस्टर म्हणाल्या. "तीन लेटमार्कला एक सीएल, मग आठ गैरहजेरीला काय हो सर?"

मोटाभाईंनी तोवर डबा उघडला होता. "इस में क्या है साहेब? जाळीवाला ढोसा?"

"घावन," मी म्हणालो. "माझ्या आईचं."

तीस घावनं पाच मिनिटांत संपली, आई. मोटाभाईंनी चार खाल्ली आणि बोटं चाटत निकाल दिला की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हीच शिक्षा. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी त्या ठेचा आणतील, ही चटणी लेकरांची आहे. मग आम्ही हसलो. व्यायाम म्हणून सुरू केलं आणि नंतर थांबता येईना. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. आठ सकाळी कुणीतरी माझी वाट बघितली होती. साठीनंतर मला हे मिळालं, आणि मी खूप खूश आहे, एवढंच खरं तर लिहायचं होतं.

पण घरी येताना मला भाईंदरचा जिना आठवत राहिला. बाबा गेल्यावर तू गावाहून आलीस. हिंदी येत नव्हतं, गुजराती येत नव्हतं, तरी महिन्याभरात दुपारी जिन्याच्या पायऱ्यांवर चौघी-पाचजणी तुझ्याभोवती भाजी निवडत बसायला लागल्या. आणि मी, तेव्हा नुकताच हेड क्लार्क झालेला, तुला म्हणालो, "आई, ही काय गावची वाडी आहे? जिन्यात बसत जाऊ नकोस. लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "बरं." त्यानंतर मी संध्याकाळी यायचो तेव्हा जिना रिकामा असायचा, आणि मला वाटायचं, माझं ऐकलंस.

हे पत्र मी त्याच तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय; निघताना सिस्टरनी तो माझ्या रिकाम्या डब्यात घालून दिला. घडी करून तव्याखाली ठेवणार आहे. त्याआधी एक सांगतो, जे तुला कधी कळलं नाही. एकदा ताप आला म्हणून मी हाफ डे टाकून दुपारीच परतलो होतो. इमारतीच्या दारातच तुझं हसणं ऐकू आलं. वर पायऱ्यांवर तुम्ही सगळ्या बसल्या होतात, कुणीतरी घावन खात होतं, आणि तू इतकं हसत होतीस की तुला बोलता येत नव्हतं. गावातही तुला तसं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी आवाज न करता मागे फिरलो. नाक्यावरच्या चहावाल्याकडे तापात बसून राहिलो, नेहमीची वेळ होईपर्यंत. मग घरी आलो आणि रोजच्यासारखं विचारलं, दिवसभर काय केलंस. तू म्हणालीस, "काय करनार? बसलं होतं आपलं."

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तुझी मजा मोडू नये म्हणून मागे फिरलो. ते अर्धंच खरं होतं. मला तिथं, खालच्या पायरीवर, तुमच्यात बसायचं होतं, आणि आपणच बंद केलेल्या जिन्यावर जागा कशी मागायची ते मला येत नव्हतं.