काहीच निघालं नाही

कारंजा, शनिवार संध्याकाळ

दादाच्या आतड्यांत काहीच निघालं नाही. बाबा आतड्याच्या कॅन्सरनं गेले तेव्हा दादाच्याच वयाचे होते. म्हणून मी वर्षभर त्याच्या मागे लागले होते, आणि आज अमरावतीच्या पोटविकारतज्ज्ञांनी एकदाची दुर्बिणीतून तपासणी केली. काल पोट साफ करायचं ते खारट पाणी पिताना दर पेल्याला त्यानं मला शिव्या दिल्या.

घरी आलो तर शेजारच्या काकू बिस्किटांचा पुडा घेऊन पेशंट बघायला हजर.

"काय निघालं?"

"काहीच नाही."

काकूंचा चेहरा पडला. "मंग नेलं कायले त्याले?"

जे झालंच नाही त्याचा आनंद कसा समजावायचा? आणि मी आग्रह धरला तो त्याच्यासाठी, की माझी भीती जावी म्हणून? दोन्ही असेल.

दादा मजेत भाकरी-बेसन खात होता. म्हणाला, "काकू, हेच ऐकाले गेलो होतो." मग माझ्याकडे वळला. "तुहं बी नाव देऊन आलो डॉक्टरकडं, पुढच्या शनवारचं. बाबा काय एकट्या माहेच होते?"

वर्षभर त्याच्या मागे, आणि स्वतःचं सुचलंच नाही? की सुचू दिलं नाही? म्हणजे आता ते खारट पाणी मलाच.

"पेले मी भरून देतो," दादा म्हणाला, "शिव्या तू दे."