उताराकडचा पंख

४ सप्टेंबर

उडाले! फवारणीचं विमान घेऊन, एकटी! शेजारी शिकवणारा नाही, खाली नुसतं हिरवं, आणि मी — चाळिशी उलटलेली बाई — पिकाच्या शेंड्यांवरून फवारा सोडत मोठमोठ्याने हसत होते. वळणावर किंचाळले ती भीतीने की आनंदाने, कोण जाणे! उतरल्यावर दादा म्हणाला, "चिमणे, विजेच्या तारा चुकवल्यास. तेवढं पुरे." त्याच्या तोंडून म्हणजे हारतुरेच.

५ सप्टेंबर

दादाशी जुंपली. त्याचं म्हणणं, पेट्रोल कमी घेतलं की वजन वाचतं, औषध जास्त नेता येतं. माझं म्हणणं, उतरताना अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक हवंच. "भित्री भागूबाई!" म्हण बापडा.

विमानातला पेट्रोलचा काटा थापाड्या आहे, म्हणून प्रत्येक फेरीआधी मी टाकीत मोजपट्टी बुडवते. औषध भरायला विमान उभं करतो ती जमीन एका अंगाला उतरती. खालच्या बाजूचा पंख हाताला येतो. त्यातली टाकी मोजायची, दुप्पट करायचं. वहिनी नळी धरून विचारते, "ताई, पलीकडच्यासाठी शिडी आणू?" कशाला? दोन्ही टाक्या आतून जोडलेल्या. सारखंच असणार.

मी फारच काटेकोर आहे का? असेन. शोभतं मला.

६ सप्टेंबर

दिवसभर फेऱ्या. पाठीचा भुगा. आनंद मात्र मावत नाही.

७ सप्टेंबर

सकाळी मोजलं — पाऊण तासाचं. फेरी झाल्यावर राखीव अर्धा तास उरत नव्हता. मी म्हटलं, आधी भरू. दादा म्हणाला, "वारा सुटेल. तू बस हिशेब करत!" आणि स्वतःच उडाला.

परतताना आवाज थांबला. एकदम. वहिनी आणि मी चिखल तुडवत धावलो. नांगरलेल्या रानात विमान नाक खुपसून उभं, आणि दादा पंखावर बसलेला, कानापर्यंत चिखल! "इंजिन बंद पडल्यावर काय शांत वाटतं गं!" वहिनीने आधी मिठी मारली, मग पाठीत धपाटा. "आता या दोघांना धुणार कोण?" हसून हसून तिघांच्या डोळ्यांना पाणी.

"सांगितलं होतं ना!" मी किती वेळा म्हटलं, देवाला माहीत. दादाने हात जोडले. "भागूबाई, यापुढे तुझाच शब्द."

तरंगतेय नुसती!

८ सप्टेंबर

विमान ओढून आणलं, धुतलं, थोडं पेट्रोल घालून नेहमीच्या जागी उभं केलं. चहा ढवळताना हात थांबला. मोजलं होतं पाऊण तासाचं. दादा तर त्याच्या निम्म्यातच खाली आला!

शिडी लावली. पलीकडची, वरच्या अंगाची टाकी उघडली. मोजपट्टी कोरडी. सगळं उताराला धावून मी मोजते त्याच पंखात येऊन बसलेलं, आणि मी त्याचंच दुप्पट करत होते.

ज्या अर्ध्या तासाच्या जिवावर मी हसत उडत होते, तो टाकीत कधी नव्हताच.

बाहेर दादा वहिनीला सांगतोय, "आता चिमणीचं माप म्हणजे माप!"

उठते. सांगून येते.