कोवारांच्या मक्याची राखण

२८ फेब्रुवारी
कॉलेज सोडलं. दीड वर्ष मातीवर लेक्चरं ऐकली, तीही अशा माणसांकडून ज्यांच्या बुटाला कधी माती लागली नाही. बस झालं. आईला आधी कळवलं नव्हतं, बॅग घेऊन थेट दारात उभा राहिलो. ती म्हणाली, सुट्टी का रे? म्हटलं, हो. खोटं नाही. कायमची सुट्टी ही सुट्टीच.
खरं कारण फक्त इथे लिहितो. मार्ला कोवार. कुंपणापलीकडे राहते.

१ मार्च
कोवारांचा चाळीस एकर मका रानडुकरांनी तीन रात्रींत संपवला. मका कसला, नुसतं पेरलेलं बी. ओळीत शिरतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दाणा न दाणा उकरून खातात. पेरणीयंत्रापेक्षा सरळ चालतात.
मिस्टर लॅड कोवार, म्हणजे मार्लाचे वडील, कुंपणाशी भेटले. म्हणाले, बी आता एकाच पेरणीपुरतं उरलंय, पोरा. तेही डुकरांनी खाल्लं तर जमीन सोलरवाल्यांना देऊन टाकतो आणि आम्ही मोठ्या मुलीकडे ह्यूस्टनला जातो. कागद वर्षभर टेबलावर पडलाय, सही तेवढी राहिलीय.
आम्ही म्हणजे ते आणि मार्ला.
म्हणजे ही डुकरं मका खात नाहीयेत. माझं आयुष्य खातायत.
संकल्प: वीस मार्चच्या आत सगळा कळप खलास करणे. एकट्याने. मग मार्लाशी बोलणे.

२ मार्च
डिसेंबरात गावच्या हॉलवर नाचाच्या रात्री मार्ला माझ्याबरोबर दोन पोल्का नाचली. लागोपाठ. दुसऱ्यांदा मी विचारलंसुद्धा नव्हतं. बँड मधे थांबलाच नाही, हा मुद्दा गौण आहे.
लॅपटॉप देऊन टाकला, बदल्यात थर्मल दुर्बीण आणली. रायफलवर बसवली. अंधारात जे गरम असेल ते पांढरं दिसतं, गार असेल ते काळं. यात चुकण्यासारखं काय आहे?

३ मार्च, पहाटे ४.१०
मचाणावर सात तास. काही दिसलं नाही. साडेतीनला लक्षात आलं, भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं होतं. झाकण भिंगासारखंच काळं करणाऱ्या माणसाला एकदा भेटायचं आहे.
आवाज मात्र भरपूर आले. बहुतेक डुकरं माझ्या खालीच होती.

५ मार्च, पहाटे २.३०
पाडलं!! एकच गोळी. अवाढव्य धूड, कोवारांच्या मळ्याच्या कोपऱ्यात निवांत उभं होतं. हाललंसुद्धा नाही. जवळ गेलो नाही, जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं. सकाळी मार्लाला घेऊन जाईन.

५ मार्च, सकाळी ८
कोवारांच्या गुरांची पाण्याची टाकी होती. दिवसभर उन्हात तापलेलं पाणी रात्री पांढरं दिसतं हे माहितीपुस्तकात कुठेही दिलेलं नाही. (पान अकरावर आहे, पण अक्षर बारीक.)
मिस्टर लॅडनी भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, पोरा, चौदा वर्षं ही टाकी इथे उभी आहे. आजवर कुणाच्या अंगावर धावून गेली नव्हती.
मार्ला हसली. इतकी, की तिला टाकीला धरून उभं राहावं लागलं. माझ्यासोबत ती अशी मोकळी असते.

७ मार्च
टाकीतून सांडलेल्या पाण्याचा छान चिखल झाला आहे. काल रात्री डुकरं त्यात लोळून गेली. पूर्वी ती नुसती खायला यायची, आता अंघोळीलाही येतात. मिस्टर लॅडनी चिखल बघितला. टोपी काढून पुन्हा घातली.

८ मार्च
नोलन नावाचा प्राणी आला आहे. वन्यप्राणी या विषयात पदवी घेतलेला. गुटगुटीत, चष्मा, ट्रक खेळण्याएवढा. मिस्टर लॅडनी बोलावला म्हणे.
याची शिकार अशी: लोखंडी जाळ्यांचं मोठं गोल कुंपण, त्याला वर उचललेलं फाटक, आत मका टाकायचा. रोज. डुकरं येणार, जेवणार, जाणार. दहा दिवस! सगळा कळप एकदम आत जेवायला लागला की लांब बसून फोनवर बटण दाबायचं, फाटक खाली. म्हणजे पाहुणे जेवायला बोलवायचे आणि दाराला कडी घालायची. याला डिग्री लागते.
मी विचारलं, रायफल नाही तुझ्याकडे? म्हणाला, आहे की. घरी आहे. एक डुक्कर मारलंस तर बाकीची सत्तावीस शिकतात. मग आवाज झाला की कुठे पळायचं, कधी परतायचं, सगळं पाठ. एकसुद्धा मादी बाहेर राहिली तरी ती जन्मात पुन्हा सापळ्यात जात नाही, आणि पिलांनाही जाऊ देत नाही.
मार्ला तिथेच होती. म्हणाली, म्हणजे ट्रॉय, तू कॉलेज सोडून इथे डुकरांची शाळा काढलीस की!
मी कॉलेज सोडलं हे तिच्या लक्षात आहे. नोट करून ठेवतो.

१० मार्च
मिस्टर लॅडनी बोलावून घेतलं. व्हरांड्यात बसवलं, खसखशीचा गोड पाव, कोलाची, हातात दिला. म्हणाले, सोळाला पेरतो. त्याच्यापुढे उन्हाने कणीस भरत नाही, तेव्हा ही शेवटची. नोलन म्हणतो अठराच्या रात्री फाटक पाडू. तोवर एक गोळी झाडू नकोस. देशील शब्द?
दिला. हात मिळवून. आपल्याकडे हात मिळवला की कागद लागत नाही.
संकल्प: अठरापर्यंत एकही गोळी नाही. कोवारांच्या मळ्यात.

१२ मार्च
दुपारी दीडला उठलो. आई शाळेच्या कँटीनमधलं काम उरकून घरी येऊन बसलीसुद्धा होती. म्हणाली, रात्रभर हिंडायचं, दिवसभर लोळायचं, तूच डुक्कर झालास. म्हटलं, आई, मी निरीक्षण करतो. ती म्हणाली, डुकरं निदान पोट भरून तरी येतात, तू येतोस आणि माझा फ्रीज उकरतोस.
या घरात ध्येयाला किंमत नाही.

१४ मार्च
नोलन मका टाकतो. मार्ला त्याच्याबरोबर पोती उचलायला जाते. रोज. गुटगुटीत असून याला दोन पोती उचलता येत नाहीत? दोघं संध्याकाळी एका फोनमधे बघत बसतात, सापळ्यावरच्या कॅमेऱ्यातली डुकरं मोजतात. काल एकोणीस, आज तेवीस. जणू लग्नाची यादी करतायत.
तिला कंटाळा येत असणार. चेहऱ्यावर दाखवत नाही, एवढंच.

१६ मार्च
पेरणी झाली. मिस्टर लॅड ट्रॅक्टरवरून उतरून बराच वेळ बांधावर उभे होते. मी हात केला. त्यांनीही केला.
संध्याकाळी मार्ला स्वतःहून कुंपणाशी आली. म्हणाली, ट्रॉय, परवा रात्री घरातच थांबशील? दिवा नाही, ट्रक नाही, काही नाही. बाबांची झोप उडालीय. एवढं झालं की सगळं नीट होईल. प्लीज.
प्लीज म्हणाली. रात्री मी बाहेर असतो याची तिला काळजी वाटते. आईलासुद्धा वाटत नाही.

१८ मार्च, रात्री ८
घरी आहे. शब्द म्हणजे शब्द.

१८ मार्च, रात्री ९.३५
आमच्याच जमिनीतल्या टेकाडावर चाललो आहे. ही कोवारांची जमीन नाही. फक्त बघायला. रायफल नेतोय कारण दुर्बीण तिच्यावर बसवलेली आहे, आणि स्क्रू घट्ट आहेत.

१९ मार्च, पहाटे २.१५
मी कुणाही माणसावर नेम धरला नाही. हे आधी लिहून ठेवतो.
साडेदहाला डुकरं आली. एकामागे एक, पांढरी, जमिनीवर कुणी दिवे ओढत न्यावे तशी. फाटकातून आत गेली. मी मोजली, सत्तावीस. एक मोठी मादी बाहेर राहिली. नाक वर करून हवा हुंगत होती. नोलन तिचीच वाट बघत असणार. डिग्रीवाले वाटच बघतात.
तो कुठे बसलाय म्हणून गवताच्या शेडकडे दुर्बीण वळवली. दुर्बीण. रायफल तिच्याबरोबर वळते, त्याला माझा इलाज नाही. तिथे एक भलंमोठं पांढरं. इतकं रुंद डुक्कर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्याला दोन डोकी दिसली. मग ते हसलं.
ट्रकच्या मागच्या उघड्या फळीवर नोलन आणि मार्ला, एका ब्लँकेटमधे. थर्मलमधे दोन माणसांच्या मधे गार फट दिसते, काळी रेघ. कितीही जवळ बसा, दिसतेच. इथे नव्हती.
थंडी होती. ब्लँकेट एकच असेल. नोलनला बहुधा ताप असावा, तापलेल्या माणसाला जवळ बसून बघावं लागतं. मी हे सगळं विचारात घेतलं.
मग ती फोन बघायला पुढे वाकली. जिथे तिने हात टेकला होता तिथे ट्रकच्या गार पत्र्यावर तिचा पंजा उमटलेला दिसला. पांढरा, पाचही बोटं. हळूहळू विझत गेला. पुरता विझायच्या आत नोलनने आपला हात तिथेच ठेवला.
त्यानंतर मी सापळ्याकडे वळलो आणि बाहेरच्या मादीवर गोळी झाडली. सगळ्यांच्या भल्यासाठी. तीच तेवढी बाहेर होती, ती पडली असती तर प्रश्न मिटला असता. कुणीही हाच विचार केला असता.
लागली नाही. आतली सत्तावीस उघड्या फाटकातून एकदम बाहेर फुटली. फाटक त्यानंतर पडलं. रिकाम्यावर. आवाज माझ्यापर्यंत आला.

१९ मार्च, दुपार
मिस्टर लॅड आले होते. ओरडले नाहीत. त्यांनी ओरडावं म्हणून मी थांबलो होतो, उत्तरं तयार होती. ते आईला म्हणाले, कॉफी नको, आणि गेले.
त्यांच्याबरोबर आलेला नोलन जाताना म्हणाला, दोन मिनिटं हवी होती मला. ती मादी पाय आत टाकतच होती.
हे त्याने सिद्ध करून दाखवावं.

२० मार्च
मका आहे अजून. डुकरं घाबरलीयत माझ्या गोळीला, इतकं तरी झालं. मचाणावर बसतो आजपासून.

२१ मार्च, पहाटे ५
पश्चिमेकडच्या ओळी गेल्या. मी पूर्वेला होतो.

२२ मार्च, पहाटे ५
पूर्वेच्या गेल्या. मी पश्चिमेला होतो. तीन गोळ्या झाडल्या. पहिलीचा बार झाला की ती ओढ्यात उतरतात, वीस मिनिटं थांबतात, परत येऊन सोडली त्याच ओळीला लागतात. घड्याळ लावून बघितलं, वीस मिनिटं. हे त्यांना कुणी शिकवलं त्यावर मी इथे लिहिणार नाही.

२४ मार्च
मिस्टर लॅडनी सही केली. आईने सांगितलं. त्यानंतर तिने जेवायला वाढलं आणि माझ्यासमोर बसून राहिली. एक टोमणा नाही. त्यापेक्षा टोमणा बरा.

२६ मार्च
मार्ला कुंपणाशी भेटली. मी सगळं पाठ करून गेलो होतो: वारा, अंधार, ती मादी.
ती म्हणाली, तू शेडकडे बघत होतास ना? गोळीच्या आधी?
मी म्हटलं, दुर्बिणीतून.
ती म्हणाली, रायफलवरच्या.
मी कुंपणाची तार घट्ट करायला लागलो.
म्हणाली, बाबांना मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते अजून म्हणतात, पोरगं मनाने चांगलं आहे, जरा तापट आहे. त्यांचं चाळीस एकर गेलं, तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे.
पोल्काबद्दल विचारायचं होतं. राहिलं.

३ मे
कोवारांचं सामान हललं. आईने मला हाताला धरून ट्रकमधे बसवलं आणि तिकडे नेलं, म्हणाली, फ्रीज जड आहे त्यांचा. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने नोलन. दोन पोती न उचलता येणारा माणूस पायऱ्यांवरून उलटा उतरला आणि वर मलाच सांगत होता, बोटं सांभाळ, बोटं.
मिस्टर लॅडनी निघताना हात मिळवला. नेहमीसारखाच, घट्ट. म्हणाले, आईकडे बघ, पोरा. मी हात लवकर सोडवून घेतला.
मार्ला त्या खेळण्याएवढ्या ट्रकमधे नोलनशेजारी बसली. दोघांच्या मधे तिचं मांजर खोक्यात होतं. मला त्यातल्या त्यात ते बरं वाटलं. मग तिने खोकं उचलून मांडीवर घेतलं.
ते गेल्यावर ट्रक घेऊन मळ्याच्या कडेने घरी निघालो. दुपारचे तीन, कडक ऊन. उरलासुरला मका इथे तिथे गुडघाभर, आणि मळ्याच्या बरोब्बर मधे डुकरं. सगळा कळप. भर दिवसा. राखणीला कुणी उरलं नाही, तर त्यांनी तरी रात्रीची वाट का बघावी?
ट्रक थांबवला. रायफल सीटमागे होती, हात तिकडे गेला नाही. हॉर्न दिला. चांगला लांब दिला. एकानेही मान वर केली नाही. पुन्हा दिला. तेव्हा एका पिलाने मान उचलून माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या आईने त्याला ढुशी दिली आणि परत कामाला लावलं.