तोंड माझ्याकडं ठिव

आबा,

काल संध्याकाळी वाचनालयात माझं काव्यवाचन झालं आणि शेवटच्या कडव्याला माईक बिघडला, असं आज सकाळपासून जो भेटेल तो मला सांगतोय. बिचाऱ्या माईकवाल्याला संयोजकांनी चांगलंच फैलावर घेतलं म्हणे. तुम्हाला माईक ठाऊक नाही. तुमच्या वेळी जो तो आपल्या नरड्याच्या जोरावर कविता म्हणायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या डोक्यावर एक काळा केस उरला नाही, तरी काल त्या व्यासपीठावर चढताना ती पहिली बैठकच आठवली. कालपासून कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. आज रात्री सून म्हणाली, जेवून घ्या. जेवलो, आणि मग कागद घेऊन बसलो. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे हे तुम्हाला कुणीतरी तोंडानंच सांगायला हवं होतं, आणि ते कसं सांगायचं हे आता या घरात माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

गिरणीच्या साचेखात्यात तुमचं सारं आयुष्य गेलं. विणायचे ते शेकडो साचे एकदम धडधडायला लागले की शेजारच्या माणसानं कानात बोंब मारली तरी कळत नसे. म्हणून तिथली माणसं आवाजाच्या भानगडीत पडतच नसत. खांद्याला हात लावायचा, समोरच्यानं वळून पाहिलं की ओठ मोठे करून नुसतं तोंडानं बोलायचं. आई तापात गेली, त्याच सुमाराला तुमचे कानही पुरते गेले आणि गिरणीतली ती बोली आपल्या घरात आली. चाळीतल्या बायकांना वाटायचं, या बापलेकांचं भांडण आहे, आठ-आठ दिवस बोलत नाहीत. आपण मात्र केवढ्या गप्पा मारायचो! आज भाजी खारट झालीय, शेंगांची चटणी संपलीय, खात्याचा मुकादम, तो जॉबर, आज कुणावर खेकसला, सगळं सगळं, घरात चिटपाखरूसुद्धा ऐकणार नाही असं. मला तर पुढं पुढं तुमच्याकडं तोंड केलं की आवाज काढायचा असतो हेच आठवेनासं झालं.

मी नुकताच मॅट्रिक होऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागलो होतो. वाचनालयात नव्या कवींची बैठक ठरली आणि कुणीतरी माझंही नाव घातलं. मी तुम्हाला या म्हणालो. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत होता. "मी बहिरा तितं बसून काय करू? लोकांची तोंडं बघू?" म्हणालात. मी म्हटलं, माझं बघा की. कविता आईवर होती. खरं म्हणजे ती आईच्या आवाजांवर होती. भाकरीची थाप, बांगड्या, कडक भाकरी मोडल्याचा आवाज, तिची हाक. म्हणजे तुमचे कान जे ऐकायला विसरले होते तेच मी कागदावर आणलं होतं आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. कवी म्हणून मिरवायची हौस नव्हती असं नाही, पण ती नंतरची. तुम्ही भाकरी तव्यावरून उतरवलीत. मग म्हणालात, "येतो. पर हिकडं तिकडं वळू नगंस. तोंड माझ्याकडं ठिव."

तुम्ही भोंगा झाल्यावर थेट गिरणीतून आलात. भुवयांत कापसाची कुसं तशीच. जाजमावर अगदी पुढं बसलात. गावावरचा इंग्रजांचा मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते, चार माणसं जमली की कुणीतरी सवयीनं दाराकडं बघायचंच. गॅसबत्ती सूं सूं करत होती. कविता तेव्हा गाऊन म्हणायची रीत होती. माझ्या आधी एका वकिलांनी तीन ताना घेऊन प्रेमाची कविता म्हटली, लोकांनी माना डोलावल्या. तुम्हीही डोलावली, कारण शेजारचा डोलावत होता. मला चाल लावता येत नव्हती. मी उभा राहिलो आणि तुम्ही सांगितलं तसं तोंड तुमच्याकडं ठेवलं.

थाप तुझी गं थांबली, थांबला बांगड्यांचा नाद,
आता कुणाच्या हाकेला घर देईल साद?

सभागृह चिडीचूप आहे. मला वाटतं, जिंकलं. तुमचे डोळे माझ्या ओठांवर खिळलेत आणि ते भरून आलेत. आई गेल्यापासून मी ते भरलेले पाहिले नव्हते. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मास्तर, जरा मोठ्यानं! आम्हीपण हितं हाय की!" आणि हशा पिकला. तेव्हा कुठं मला कळलं, की माझ्या तोंडातून आवाजच निघत नव्हता. तुमच्याशी घरी बोलतो तसा मी नुसते ओठ हलवत उभा होतो.

मी आवाज काढून पहिल्यापासून सुरू केलं. पण आबा, माणूस आवाज काढायला लागला की त्याचे ओठ लहान होतात. दोन ओळींतच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. तुम्ही पुढं वाकलात, मान तिरपी केलीत, हातानं काय म्हणून विचारलंत. तुमच्या मागं शंभर माणसं आता नीट ऐकत होती आणि तुमच्या हातून कविता निसटत होती. तुम्हाला मागचा हशाही ऐकू आलेला नव्हता. मी कागद खाली केला, आवाज बंद केला आणि उरलेली सगळी कविता तुम्हाला सांगितली. लोक हसले, कुणी टाळ्या पिटल्या, अध्यक्ष "बसा, बसा" म्हणाले. मी शेवटच्या शब्दापर्यंत बसलो नाही. संपल्यावर तुम्ही शेजारी येऊन बसलेल्या त्या वकिलांच्या कानाशी लागलात. तुम्हाला वाटलं, आपण कुजबुजतोय. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, "माझा ल्योक हाय." मग मात्र कुणी हसलं नाही.

परतताना आपण तळ्याच्या काठानं आलो. मधेच थांबून तुम्ही म्हणालात, "तुजा आवाज आता कसा हाय रं? मला ल्हानपणीचाच ठावा हाय." स्वतःचा आवाज ओठांनी कसा सांगायचा? घोगरा म्हणू, भरड म्हणू? तुम्हीच जवळ आलात आणि माझ्या पाठीवर पंजा ठेवलात, साचा नीट चालतोय का हे पाहायला लाकडावर ठेवायचा तसा. "म्हन आता." मी तळ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायला लागलो. आईच्या हाकेच्या ओळीला माझा आवाज अडला. तुम्ही पंजा दाबलात. "हितं धागा तुटला," म्हणालात. मी मान हलवली. "तुटंना का. गाठ मार आन् फुडं चल." मी पुढं म्हणालो. तुमचा हात शेवटपर्यंत पाठीवर होता. त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं, लोकांनी नावाजलंही, पण त्या हाताखाली म्हटली तशी कविता पुन्हा कधी म्हटली नाही.

गिरणीतल्या कापसानं शेवटी तुमची छाती धरली. शेवटच्या दिवसांत तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात, आणि तुमचे डोळे मिटले की तुमच्याशी बोलायची वाटच बंद व्हायची. ही गोष्ट मी कुणाला समजावून सांगू शकलो नाही. लोक म्हणायचे, हाका मारा, ऐकतील. मी तुमचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला आणि बोलत राहिलो. कविता नव्हती ती, नुसतं आबा, आबा. पंजा दाबला गेला असं मला एकदा वाटलं. मला तसं वाटायला हवंच होतं म्हणूनही असेल.

हे पत्र मी कुठं टाकणार? सकाळी चुलीत जाईल, नाहीतर उशाखाली राहील. काल त्यांनी मला तीच कविता म्हणायचा आग्रह केला. माझा आवाज पार रस्त्यावर जात होता. पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते, खुर्च्यांवर, छान इस्त्रीच्या कपड्यांत, आणि त्यातला एकही जण माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. ऐकू येत असलं की कशाला बघतील? शेवटचं कडवं आलं. माईकवाला धावत आला, तारा हलवल्या, माईकवर टिचक्या मारल्या. मी ओठ मोठे करून, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत म्हणत गेलो.

माईक बिघडला नव्हता, आबा.