अबोला बोटीत बसतो

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि सध्या सर्दीने बेजार झालेल्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे शब्दशः घे. कंबर अजून सरळ होत नाही. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस म्हटलं तरी चढत असशील, कारण कुणाचं ऐकणं आपल्या घरात आजवर कोणालाच जमलेलं नाही. दाजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. ते कपाटामागे बिस्किटं ठेवतात हे मी तुला सांगितलेलं नाही, असं धरून चाल. इकडे कव्हरं शिवायचं दुकान ठीक, मशीन ठीक, मी वर म्हटल्याप्रमाणे. तुझी भावजय कशी आहे, हे एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून तर हे एवढं मोठं पत्र.

तू आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला पाठवलेली तिकिटं पोचली. पाकीट उघडलं तेव्हा मला वाटलं, नाटकाची असतील. बघतो तर जेट बोट! डोंगरातल्या नदीवर बोटीची सफर, पुढे रानातून पायी फेरी, सोबत वाटाड्या. ताई, तुला भाऊ नकोसा झाला असेल तर तसं सरळ सांगायचं. पाण्याला मी किती भितो ते तुला ठाऊक आहे. पण तिकिटांसोबत तू चिठ्ठी लिहिली होतीस, ‘जरा मोकळ्या हवेत जा, म्हणजे तोंडं उघडतील,’ आणि ती चिठ्ठी नेमकी हिच्या हातात पडली. हिने ती वाचली, घडी घातली आणि टाचण्यांच्या डबीखाली ठेवून दिली. हूं नाही की चूं नाही.

आता अबोल्याची हिची बाजू तुला फोनवर कळली असेलच. माझी ऐक. दाजींनी मला विचारलं, दुकान बंद करून आमच्या कारखान्यात ये, सोफ्यांचं सगळं काम तू बघ, वरच्या दोन खोल्या तुमच्याच. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. आता आनंद झाल्यावर माणूस हो म्हणतो, यात माझं काय चुकलं? फोन ठेवून वळलो तर ही मशीनवर बसलेली. पायडलवरचा पाय उचलून तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागली. ते मशीन सुरू झालं आणि हिचं तोंड बंद झालं. महिना उलटून गेला, दुसरा लागला. आधी मी म्हटलं, येईल वळणावर. मग म्हटलं, राहू दे, आपणही काही कमी नाही. (आपणही कमी नाही हे मला साधारण दोन दिवस वाटलं.)

घरात अबोला असला तर माणूस बाहेर जातो. आमचं काय? मी कापणार, ही शिवणार, मध्ये एकच टेबल. मग आम्ही खडूने बोलायला लागलो. मी कापडावर खूण करायची, तिने त्यावरून शिवायचं. तिला दोरा हवा असला की ती रिकामं रीळ माझ्या कात्रीवर आणून ठेवायची. या पद्धतीने काम बरं चाललं होतं, पण दातांच्या डॉक्टरांच्या बाकाचं कव्हर आलं. मोरांचं कापड. मी घाईत वरची बाजू खाली धरून कापलं. हिने ते पाहिलं होतं ताई, मी शपथेवर सांगतो. एरवी माझ्या हातातली कात्री हिसकावून घेतली असती. या वेळी जसं कापलं तसं निमूटपणे, कडेने अगदी सुरेख पाइपिंगची गोट लावून शिवलं. आता त्या दवाखान्यात मोर डोक्यावर उभे आहेत आणि पेशंट माना वाकड्या करून बसतात. डॉक्टर म्हणतात, दाढ दुखायची विसरतात. पण मी त्या रात्री जेवलो नाही. कापड चुकलं याचं दुःख नव्हतं. चूक दिसली तरी सांगावीशी वाटू नये, इथवर आमचं आलंय, याची मला खरोखर भीती वाटली. तेव्हा ठरवलं, बोटीत बसायचं. बुडालो तर ही निदान किंचाळेल तरी.

नदीकाठी आमची वाटाडी भेटली. बाई. उंच, घसा बसलेला, तळहात माझ्या कात्रीच्या मुठीसारखे टणक. बोट तीच चालवणार आणि रानातही तीच नेणार. मी तिला मनातल्या मनात कप्तानबाई म्हणायला लागलो. तिने आम्हाला पट्ट्यांची फुगीर जाकिटं दिली. मी सवयीने उलटून शिवण पाहिली (दुहेरी होती, चांगली होती, मला धीर आला). शेजारी बघतो तर हीसुद्धा जाकीट उलटून शिवणच बघत होती. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही आपापल्या जाकिटात तोंड घातलं. इतर मंडळी मागे बसली, आम्हाला पुढची जागा मिळाली आणि कप्तानबाई बरोबर आमच्या दोघांच्या मध्ये. झालं! ही तिला म्हणाली, ‘यांना सांगा, टोपी काढून ठेवा, उडेल.’ मी म्हटलं, ‘त्यांना सांगा, टोपी माझी आहे.’ कप्तानबाईने आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. टोपी पहिल्याच वळणावर गेली. ‘आता काय सांगू?’ कप्तानबाईने विचारलं.

ताई, ही बोट म्हणजे काय प्रकार आहे ते कसं सांगू? तिला खाली पंखा नसतो. ती पोटाखालचं पाणी ओढते आणि मागून फेकते, म्हणून घोटाभर पाण्यावरूनही जाते. खालचे गोटे दिसत असतात, आपण म्हणतो आता आपटली, आणि ती त्यावरून सुळकन निघून जाते. समोर कडा येतो. कड्यावरचं ओलं गवत दिसतं, त्यातला किडा दिसतो, आपण देवाचं नाव घेतो आणि बोट वळते. माझी बोबडी वळली होती. तेवढ्यात कप्तानबाईने हात वर करून बोट गोल फिरवलं. निघण्याआधी तिने या खुणेचा अर्थ सांगितला होता म्हणे, पण तेव्हा मी शिवण बघत होतो. मला वाटलं, विचारतेय, कसं वाटतंय, मजा येतेय ना? पुरुषासारखा पुरुष, मी पण हात वर केला आणि झोकात बोट गोल फिरवलं. त्याचा अर्थ होता, आता बोट जागच्या जागी गर्रकन फिरणार. ती फिरली. आकाश, कडा, पाणी, कडा, आकाश. थांबली तेव्हा माझा हात अजून वरच होता, बोट ताठ, आणि हात थरथरत असल्यामुळे ते बोट पुन्हा गोल फिरत होतं. कप्तानबाई म्हणाली, ‘वा, हौशी आहात!’ आणि परत फिरवली. कंबर तिथे गेली. हिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो महिन्याभरातला सगळ्यात मोठा संवाद होता.

पण मग पुढे घळीत गेल्यावर तिने इंजिन बंद केलं. ताई, आता मी थट्टा करत नाही. दोन्ही बाजूंना सरळ उभे काळे कडे, वर आकाशाची एक पट्टी, आणि पाणी असं हिरवंनिळं की तसलं कापड मी जन्मात हाताळलेलं नाही. कुणी दाखवलं असतं तर म्हटलं असतं, रंग उतरेल. कड्यांवरून बारीक बारीक धारा गळत होत्या आणि खाली येईपर्यंत त्यांचं नुसतं धुकं होत होतं. कप्तानबाई म्हणाली, हा दगड या नदीनेच कापला. कशाने, तर पाण्याने. कधीपासून, तर माणूस नव्हता तेव्हापासून. मी आयुष्यभर कापायचं काम केलं, पण त्या घळीत मान वर करून बसलो आणि मला माझी कात्री आठवून हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं. ते तुषारांचं होतं असं मी तिथे सगळ्यांना सांगितलं.

बोटीतून उतरून रानात शिरलो. पायवाट अरुंद, झाडं अशी की चौघांनी हात धरले तरी कवेत मावू नयेत. एक झाड कधीकाळी आडवं पडलेलं आणि त्याच्या अंगावर एका ओळीत दुसरी झाडं उगवून आभाळाला भिडलेली. त्याच्या बुंध्यावर शेवाळ होतं. शेवाळ कसलं, मखमल! आता मखमल दिसली की आमच्या धंद्यातला माणूस काय करतो? बोटांच्या पाठीने लव कुठे जाते ते बघतो. माझा हात गेला. त्याच क्षणी पलीकडून हिचा हात आला, तोही उलटा. दोन हात एकाच जागी. ‘हात लावू नका, इतकं वाढायला पिढ्या जातात,’ कप्तानबाई ओरडली आणि आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारखे हात मागे घेतले. ही हसली. आवाज नाही, फक्त खांदे हलले, पण मी पाहिले. मग कप्तानबाई म्हणाली, आता इथे थोडा वेळ कोणीही बोलायचं नाही, रान ऐकायचं. बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. आम्ही दोघं मात्र अगदी उत्तम उभे राहिलो. तिने आमचं कौतुक केलं.

वाट संपते तिथे कठडा घातलेली एक मोकळी जागा आहे. खाली दरी, समोर बर्फाचं शिखर. ते किती मोठं आहे हे मी लिहू शकत नाही. नजर वर नेत जावी, आता संपेल म्हणावं, आणि ते ढगाच्या वरून पुन्हा सुरू व्हावं. मला अगदी लहान, अगदी हलकं वाटलं. दुकान, कारखाना, हो म्हणालो का नाही म्हणालो, सगळंच एवढंसं झालं. तेव्हा माझी बाही कोणीतरी धरली आणि कानाशी आवाज आला, ‘अहो.’ ताई, ‘अहो’! इतक्या दिवसांनी! मग लगेच, ‘अहो, बघा, बघा ना!’ मी पाहिलं. हिच्याकडे. ओले केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, डोळे लहान मुलीसारखे मोठे. मी बघतच राहिलो. आणि पाठीमागे, मी ज्या बाजूला पाठ केली होती तिथे, शिखरावरचा बर्फाचा अख्खा कडा सुटून खाली गेला. सगळ्यांनी पाहिला. माणसं लांबून लांबून ज्यासाठी येतात आणि न बघता परत जातात, तो. मीच तेवढा तो पाहिला नाही. मी वळलो तेव्हा नुसता पांढरा धुरळा होता. पण गंमत ऐक, आवाज मागाहून येतो. धुरळा बसायला लागला तेव्हा तो आला, खोल, पोटातून, पायाखालचा दगड हलवत. तो मी ऐकला. अंगावर असा काटा आला की अजून आठवलं की येतो.

ही म्हणाली, ‘एवढ्या दिवसांनी एक गोष्ट दाखवली, तीही पाहिली नाहीत!’ आणि रागावली. मोठ्याने, सगळ्यांदेखत, माझ्या आईवडिलांपासून मोरांपर्यंत. काय सुख होतं म्हणून सांगू! मी म्हटलं, ‘आपण ताईकडे जायचं नाही. दुकान इथेच. ठरलं.’ तिचे डोळे भरून आले. मला जे समजायचं ते समजलं.

दाजींना साष्टांग नमस्कार. जिने चढू नकोस.

तुझा आज्ञाधारक (यापुढे)
भाऊ

ता.क. आम्ही येत नाही हे दाजींना तूच सांग. मला त्यांच्यासमोर बोलायला सुचत नाही, लगेच हो निघून जातं. बिस्किटांच्या वेळेला सांग.

ता.क. दुसरा. पत्र ही पाकिटात घालून चिकटवणार आहे. माझ्या हाताला डिंक लागला की कापडाला डाग पडतात.

ता.क. तिसरा, माझा.

ताई, नमस्कार. पाकीट माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी. यांनी लिहिलंय ते बरंचसं खरं आहे. बाही मी धरली नव्हती. बोटीत बसल्यापासून यांनीच माझा हात धरला होता, कप्तानबाईंच्या मागून, तो रानात शेवाळापाशी सुटला आणि कठड्यापाशी पुन्हा यांनीच धरला.

तुमच्याकडे यायला माझी कधीच ना नव्हती. वरच्या खोल्या हवेशीर आहेत, मला आवडतात. मला विचारलं नाही, एवढंच होतं. त्या कठड्यापाशी माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हणणार होते, ‘अहो, जाऊ या आपण ताईंकडे.’ ‘अहो’ म्हटलं आणि बर्फ कोसळला, म्हणून ‘बघा’ म्हटलं. पुढचं बोलायच्या आत हे म्हणाले, जायचं नाही, ठरलं. परत एकट्यानेच! माझे डोळे त्याने भरून आले.

पण यांनी माझ्यासाठी म्हणून ठरवलंय, आणि तेव्हापासून कापताना शीळ घालतात, म्हणून मी अजून काही बोललेले नाही. तर दाजींना नकार सांगू नका. त्यांनी पुन्हा एकदा बोलावणं पाठवावं. मात्र या वेळी माझ्या नावाने.

आलं की मी यांना विचारीन.